सी हॉकवरचा पांढरा: पावसाळ्यात रंगवलेल्या एका विमानाची केस

एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेन) खाली ठेवला तेव्हा मॉडेल विमानाचा डावा पंख ओला, काळपट करडा आणि देखणा दिसत होता. सुई काढून कप धुवेपर्यंत, म्हणजे फार तर पाच मिनिटांत, त्याच्यावर साय धरली. तापवलेलं दूध निवताना धरते तशीच, कडेकडेनं आत सरकणारी. बोट लावून पाहिलं तर रंग वाळलेला. फडक्यानं पुसून जाईल असं ते काही नव्हतं.

जुलैचा दुसरा आठवडा, कांजूरमार्गची माझी काचा लावून बंद केलेली बाल्कनी आणि बाहेर चार दिवस न थांबलेला पाऊस. पुढचे तीन आठवडे मी या पांढऱ्याच्या मागे होतो. पंधरा वर्षं मॉडेलं करतोय, तरी त्यातले पहिले आठ दिवस चुकीच्या गोष्टीमागे धावलो. म्हणून हे सगळं घडलं त्या क्रमानं लिहून ठेवतोय.

नानांचं विमान

मॉडेल होतं १/४८ मापाचं हॉकर सी हॉक. माझ्या मित्राचे वडील, नाना, मूळचे देवगडचे, आता घाटकोपरला असतात. १९७३ साली नौदलात भरती झाले आणि पुढे काही वर्षं आयएनएस विक्रांतवर डेकवर विमानं हलवणाऱ्या तुकडीत होते. ऑगस्टमध्ये त्यांची सत्तरी. मित्र म्हणाला, "नानांसाठी एकाहत्तरच्या युद्धातलं सी हॉक कर."

मागणी रास्त होती. ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांतवरून उडालेल्या सी हॉकनी कॉक्स बाझारवर हल्ला केला, मग चितगाव. हे सगळं बंगालच्या उपसागरात, जहाजाचा एक बॉयलर निकामी असताना. मुंबईत ४ डिसेंबरचा नौदल दिन म्हटला की कराचीवरच्या क्षेपणास्त्र नौकाच आठवतात, पूर्वेकडची ही बाजू तशी मागेच पडते. मी संदर्भाचे फोटो जमवायला लागलो. पण नानांना सुगावा लागलाच.

"एकाहत्तरला मी शाळेत होतो," ते फोनवर म्हणाले. "युद्ध-बिद्ध माझ्या नावावर लावू नका. आणि उडणारं विमान पायलटचं. आमचं ते बांधून ठेवलेलं. पंख वर, चाकांना चॉक्स, म्हणजे अडण्या, चारी बाजूंनी लॅशिंग, म्हणजे बांधायचे दोर, आणि वरून पाऊस."

झालं. पंख पसरून उडणाऱ्या विमानाचं सोपं काम एका फोननं गेलं आणि पंख दुमडून डेकवर उभं असलेलं, कितीतरी किचकट विमान गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मनातून मला आनंदच झाला.

सी हॉक हे विमान मुळात विचित्र आणि म्हणून करायला मजेचं. हॉकर कंपनीच्या या जातीचं पहिलं विमान १९४७ च्या सप्टेंबरात उडालं. पुढे बहुतेक उत्पादन आर्मस्ट्राँग व्हिटवर्थकडे गेलं. इंजिन एकच, रोल्स-रॉइसचं नीन. पण त्याचा झोत शेपटातून बाहेर पडत नाही. नळीला आतच दोन फाटे फुटतात आणि दोन्ही बाजूंना, पंख जिथे धडाला मिळतो तिथे मागच्या अंगाला, एकेक तोंड उघडतं. त्यामुळे शेपटीकडचा भाग इंधनाच्या टाकीला मोकळा राहिला. भारतानं १९५९ मध्ये ही विमानं मागवली. १९६० मध्ये त्यांची ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली, तिचं नाव 'व्हाइट टायगर्स'. विक्रांत ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आली. सी हॉक १९८३ पर्यंत नौदलात होती, मग त्यांच्या जागी सी हॅरिअर आली.

खऱ्या विमानाचे पंख पसरले तर ११.८९ मीटर आणि दुमडले की ४.०६ मीटर. माझ्या मापात हे पावणेपंचवीस सेंटिमीटरवरून साडेआठवर येतं. दुमडलेल्या पंखाची गंमत अशी की एरवी झाकलेलं सगळं उघडं पडतं. किटमध्ये दोन्ही पर्याय होते, पण सांध्याच्या जागी आत नुसती सपाट भिंत आणि त्यावर चार उंचवटे. तिथे मला पंखाच्या आतल्या फासळ्या, बिजागरीचे जाड कान आणि हायड्रॉलिकच्या नळ्या बसवायच्या होत्या. फासळ्या ०.३ मिलिमीटरच्या प्लॅस्टिक पत्र्यातून कापल्या. नळ्यांसाठी मोबाइलच्या मेलेल्या चार्जरची वायर सोलली. आतली तांब्याची तार केसासारखी असते, पण दोन-तीन पिळून घेतल्या की मापाला बरोबर बसते. या दोन सांध्यांवर नऊ रात्री गेल्या. सगळ्या मॉडेलमध्ये माझं समाधान झालेला भाग तेवढाच, म्हणून त्याच्यावर रेंगाळलो. कॉकपिटचं थोडक्यात सांगतो: इजेक्शन सीटचे पट्टे मास्किंग टेपचे, बकल तारेचे, आणि काच बंद केल्यावर यातलं जवळपास काहीच दिसत नाही.

एक गोष्ट मात्र नवख्यांसाठी. पुढे एक आणि मागे दोन चाकं असलेल्या विमानाचं मॉडेल शेपटावर बसतं, नाकात वजन घालावंच लागतं. मी ससून डॉकजवळच्या जाळ्यांच्या सामानाच्या दुकानातून शिशाचे मणी आणतो. ते सुताराच्या पांढऱ्या गोंदात कधी बसवू नका. गोंदातल्या आम्लानं शिशावर हळूहळू पांढरा क्षार चढतो, तो फुगतो आणि दोन-चार वर्षांनी नाक शिवणीवर उलतं. एपॉक्सी वापरा. या केसमधला हा पांढरा माझ्या वाट्याला आला नाही, एवढंच.

पहिले आठ दिवस

रंग ठरलेले होते. वर गडद समुद्री करडा, खाली 'स्काय' नावाचा फिकट हिरवट. हा ब्रिटिश नौदलाचा वेष, आणि आपल्याकडे आलेली सुरुवातीची सी हॉक त्याच वेषात होती. मी लॅकर जातीचे रंग वापरतो. ते पटकन वाळतात आणि पातळ बसतात, त्यामुळे रेषा बुजत नाहीत. त्यात घालायचं लेव्हलिंग थिनर संपलं होतं. मागवलं होतं, पण कुरिअर पावसात अडकलं. सत्तरी तोंडावर. तेव्हा गल्लीतल्या रंगाच्या दुकानातून एनसी थिनरची (लाकडाच्या-गाड्यांच्या लॅकरमध्ये घालतात त्या साध्या थिनरची) बाटली आणली. स्वस्त आणि कडक. मॉडेलं करणारे इथले कितीतरी लोक तेच वापरतात, मीही जानेवारीत वापरलं होतं.

तर साय. भिंग लावून पाहिलं तेव्हा तिच्यात आणखी काहीतरी दिसलं: मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक, गोल गोल ठिपके. ठिपके दिसल्याबरोबर मी निदान करून मोकळा झालो. कॉम्प्रेसरमधून पाणी येतंय.

निदान खोटं नव्हतं, हाच घोटाळा. टाकीखालचा स्क्रू सैल केला तर दोन चमचे गंजकट पाणी निघालं. मुंबईच्या पावसाळी हवेत पाण्याची वाफ भरपूर असते. तीच हवा चार पट दाबून टाकीत कोंबली की गरम होते, टाकीत थंड होते आणि न पेललेलं पाणी खाली सोडते. कॉम्प्रेसर वीस मिनिटं सलग चालला की टाकीही तापते. मग हवा गरम आणि दमट अशीच नळीत शिरते, पाणी नळीत सुटतं आणि रंगाबरोबर थुंकल्यासारखं बाहेर पडतं. उजवा पंख मी आधी मारला होता, त्यावर ठिपका नव्हता. डावा शेवटी, म्हणून त्याच्यावर. सगळं चपखल जुळत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर नागदेवीला, हत्यारांच्या बाजारात, गेलो. काचेच्या वाटीचा मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी गाळणी, घेतला आणि तीन मीटर जास्तीची नळी. ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून लावायचा नाही, एअरब्रशच्या बाजूला लावायचा. हवा वाटेत थंड झाल्याशिवाय पाणी सुटत नाही, आणि सुटलंच नाही तर ट्रॅप पकडणार काय? घरी येऊन पंख १५०० च्या वॉटर पेपरनं घासला आणि पुन्हा मारला.

ठिपके गेले. एकही नाही. साय तशीच.

इथे थांबून विचार करायला हवा होता. दोन लक्षणांपैकी एक गेलं आणि एक राहिलं, म्हणजे कारणं दोन. हे शाळकरी पोरालाही कळेल. मी काय केलं? नागदेवीला परत गेलो आणि दुसरा ट्रॅप आणला. तोही लावला. नळी, ट्रॅप, नळी, ट्रॅप, मग एअरब्रश. बाल्कनी आयसीयूसारखी दिसायला लागली. पुन्हा घासला, पुन्हा मारला, पुन्हा साय. तिसऱ्यांदा घासताना एका कडेला प्रायमर उडून खालचं प्लॅस्टिक उघडं पडलं. ते माझ्या लक्षात आलं नाही, आणि त्याची किंमत पुढे मोजली.

मधल्या रविवारी स्कूटरची डिकी रंगवून घ्यायला कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये गेलो होतो. तिथले पेंटर गेली कित्येक वर्षं गाड्या मारतात. सहज त्यांना पंखाचा फोटो दाखवला. त्यांनी ट्रॅपचं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "थिनर कुठलं घातलंय?"

सांगितलं.

"आणि रिटार्डर?"

"नाही."

"मग पांढरं मारणारच की," ते म्हणाले आणि आपल्या कामाला लागले. त्यांच्या लेखी तो विषय तिथेच संपला होता.

पाच चमचे

पण मला आता कोणाचंच, विशेषतः स्वतःचं, निदान तपासल्याशिवाय मान्य करायचं नव्हतं. काळ्या प्लॅस्टिकचे पाच चमचे घेतले. चमचा हा पंखासारखाच गोलसर असतो आणि फुकट गेला तरी जीव जळत नाही. पाचांवरही तोच करडा रंग, तोच कॉम्प्रेसर, तेच दोन ट्रॅप, तेवढाच दाब. पहिला नुसत्या एनसी थिनरनं. दुसरा त्याच थिनरमध्ये दहावा हिस्सा रिटार्डर घालून. तिसरा लेव्हलिंग थिनरनं (कुरिअर एकदाचं आलं होतं). चौथा पुन्हा नुसत्या एनसी थिनरनं, पण आधी टेबललॅम्पखाली पंधरा मिनिटं कोमट करून. पाचवा तसाच नुसत्या थिनरनं, पण दोन तास एसी चाललेल्या बेडरूममध्ये, खिडकीजवळ, एकच हात. बायको घरात नव्हती म्हणून हे जमलं. वास दुसऱ्या दिवसापर्यंत होता, आणि बंद खोलीत लॅकर मारणं हा आगीलाही निमंत्रण देण्याचा प्रकार आहे. प्रयोग म्हणून एकदा केलं, परत करणार नाही.

पाचही चमचे कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर टांगले. पहिला पाच मिनिटांत दुधी झाला. दुसऱ्यावर फक्त टोकाला, जिथे रंग जाड साचला होता, तिथे किंचित धुरकट. बाकी तिघे स्वच्छ करडे.

म्हणजे साय नळीतल्या पाण्यामुळे धरतच नव्हती. ती बाल्कनीतल्या हवेतल्या पाण्यामुळे धरत होती.

घडतं ते असं. कडक थिनरमधली झटकन उडणारी द्रव्यं उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून नेतात. हातावर स्पिरिट सांडलं की गार लागतं, तसंच. पृष्ठभाग एका ठरावीक तापमानाच्या खाली गेला की हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते. २९ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर ते तापमान साधारण २६ अंश. म्हणजे पंख फक्त तीन अंश गार व्हायचा अवकाश. हिवाळ्यात २५ अंश आणि ५० टक्के असेल तर दव पडायला पृष्ठभाग १४ अंशांपर्यंत उतरावा लागतो, अकरा अंशांची सवलत. जानेवारीत त्याच थिनरनं मला काही त्रास दिला नव्हता, त्याचं कारण हे. थिनर तेच होतं, सवलत संपली होती.

रिटार्डर म्हणजे हळू उडणारं द्रावण. रंग सावकाश वाळतो, पृष्ठभाग तेवढा गार पडत नाही, आणि थोडंफार पाणी आलंच तरी रंगाचा थर घट्ट व्हायच्या आत ते उडून जायला वेळ मिळतो. लेव्हलिंग थिनरमध्ये ते आधीच घातलेलं असतं. कोमट चमच्याला मुळातच दहा-बारा अंशांची आघाडी होती. एसीनं खोलीतली वाफच काढून घेतली.

मग पांढरं का दिसतं? पाण्याला तर रंग नाही. पाण्यामुळे रंगातलं राळ नीट एकसंध न बसता फाटतं आणि थरात बारीक बारीक पोकळ्या राहतात. प्रकाश त्यांच्यावर आपटून सगळीकडे उधळतो. गोळेवाल्याची बर्फाची लादी काचेसारखी आरपार असते आणि रंध्यावर किसली की पांढरी शुभ्र होते, त्यातलाच हा प्रकार. पंखावर पांढरा रंग कुठे नव्हताच. करड्यात नुसती भोकं होती.

दुरुस्ती

साय ताजी असेल तर घासायची गरज नसते, हे मला आता कळलं. आधी कळतं तर तीन वेळा वॉटर पेपर घेऊन बसलो नसतो. रिटार्डर आणि लेव्हलिंग थिनरचं मिश्रण, रंग अजिबात न घालता, लांबून अगदी धुक्यासारखं मारलं. थर जरासा मऊ होऊन पुन्हा मिटतो, पोकळ्या बुजतात. डाव्या पंखाच्या बाहेरच्या अर्ध्यावर हे डोळ्यांदेखत झालं. दुधातून करडा वर आला. मी एकटाच होतो, पण मोठ्यानं "वा!" म्हणालो.

आतल्या अर्ध्यावर नाही झालं. तिथे घाईत सायीवर आणखी एक थर चढवून ठेवला होता, त्यामुळे खालचं पांढरं वरून झाकलं गेलेलं. आणि जिथे प्रायमर उडाला होता त्या कडेला कडक थिनरनं थेट प्लॅस्टिक चावलं होतं; सुकलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा तडा. पॉलिस्टायरीनला एनसी थिनर असंच खातं. तेवढा पट्टा प्लॅस्टिकपर्यंत घासला, पुट्टी भरली, रेषा पुन्हा कोरली. कोरायला सुई आणि कडेला डायमो टेप. हा पट्टा नेमका बिजागरीच्या शेजारी होता, म्हणजे माझ्या नऊ रात्रींच्या नळ्यांना खेटून. दोन नळ्या तुटल्या. तिसरी तोडली मीच, वैतागून.

नंतरचा सगळा रंग असा मारला: पुठ्ठ्याच्या खोक्यात भाग ठेवायचे, वर लॅम्प हातभर अंतरावर, हाताला कोमट लागतील इतपतच. जास्त तापलं तर पातळ पंख पापडासारखा वाकतो. मग लेव्हलिंग थिनर, पातळ हात, दोन हातांमध्ये दहा मिनिटं. कॉम्प्रेसर दर दहा मिनिटांनी बंद, टाकीतलं पाणी बाहेर. दुसरा ट्रॅप काढून टाकला. तो आता ड्रॉवरमध्ये आहे, माझ्या बुद्धीचं स्मारक म्हणून.

वाघ आणि हवा

डिकॅलचं, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचं, पान जुनं. बारा वर्षं लोखंडी कपाटात पडून पिवळं पडलेलं. अशी पानं लोक खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवतात आणि पिवळेपणा जातो. जुलैत ऊन कुठून आणणार? ऑगस्टच्या सुरुवातीला दोन दिवस उघडीप मिळाली, त्यात जेवढं झालं तेवढं. पान जुनं असलं की नको असलेलं एखादं चिन्ह आधी पाण्यात टाकून बघावं. माझं तीन तुकडे होऊन तरंगलं. म्हणून सगळ्या पानावर क्लिअर लॅकरचा हात दिला आणि मग एकेक चिन्ह कडेनं कापून घेतलं.

तिरंगी गोल नीट बसले. नखाएवढा पांढरा वाघ बसला आणि सकाळी त्याच्याभोवती चंदेरी-पांढरी कड. या वेळी मात्र मी नागदेवीला गेलो नाही. भिंग घेतलं. वाघाखालची जागा जरा खरखरीत होती, कारण ग्लॉस कोट मी तिथे कंजूषपणे मारला होता. खरखरीत पृष्ठभागावर डिकॅलची पारदर्शक फिल्म टेकड्यांच्या माथ्यांवर टेकते, दऱ्यांत हवा राहते. पुन्हा तेच: रंग नसलेल्या पोकळ्या, उधळलेला प्रकाश. या वेळी त्या पाण्यानं केलेल्या नव्हत्या, फिल्मखाली अडकलेल्या हवेच्या होत्या. बारीक सुईनं फिल्मला पाच-सहा टोचे मारले, वर सॉफ्टनर (फिल्म मऊ करणारं द्रावण) लावलं, सुकू दिलं, पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी कड गेली आणि वाघ रंगवल्यासारखा दिसायला लागला. वेळ लागला, पण डोकं फिरलं नाही.

नाना बघायला आले

सत्तरीच्या आदल्या आठवड्यात मित्राला राहवलं नाही, तो नानांना घेऊनच आला. मॉडेल पायावर बसवलेलं होतं: एमडीएफचा तुकडा (आधी चारी बाजूंनी लॅकर मारून, नाहीतर पावसाळ्यात तो पावासारखा फुगतो), वर डेकचा करडा, त्यात बांधायच्या कड्या. लॅशिंग तारेच्या. विमानाचं नाक जरासं वाऱ्याकडे.

नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि नाक जवळजवळ पंखाला लावून पाहिलं. बराच वेळ. मग लॅशिंग मोजल्या.

"एवढ्यावर सोडलं असतंस तर आमच्या चीफनं तुलाच बांधला असता," ते म्हणाले. आणखी चार लागल्या.

खालच्या रंगावरून आमचं थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, हिरवट नव्हता, दुधी होता. मी रंगाची बाटली दाखवली, फोटो दाखवले. ते म्हणाले, "फोटोत ऊन असतं. मी खाली झोपून चाक बघायचो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुना 'स्काय' उन्हा-पाण्यानं विटून दुधी दिसत असेल, हे मला पटण्यासारखं आहे. मी मधल्या पट्ट्यांवर दुधी रंगाचं अगदी पातळ धुकं मारलं, कडांना हिरवट ठेवलं. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं.

मग त्यांनी बिजागरीकडे करंगळी नेली. सगळ्या नळ्या जिथे जमतात, जिथे मी तीन वेळा घासलं, पुट्टी भरली आणि पांढऱ्याचा कण राहू दिला नव्हता, नेमकी ती जागा.

"आणि मीठ खंय आसा रे?" ते एकदम मालवणीत म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. डेकवरच्या विमानावर समुद्राचं पाणी उडतं, सुकतं, मीठ राहतं. सपाट जागेवरचं पावसानं धुऊन जातं, पण सांध्याच्या खाचेत, बिजागरीखाली, चाकाच्या खांबाच्या मागे ते पांढरं धरून बसतं. आणि मीठ बसलं की धातू सडायला लागतो. "गोड्या पाण्यानं धुवायचो. रोजच्या रोज. बोटं आत घालून. ते पांढरं दिसलं की आमची बोंब." जहाजावर गोडं पाणी मोजून मिळायचं, पण विमानाला आधी, असंही ते म्हणाले आणि हसले.

मीठ म्हणजे पुन्हा आरपार दिसणारे खडेच, बारीक झाले की पांढरे. हे मी त्यांना सांगितलं नाही. पांढऱ्या पेस्टलच्या काडीची पूड ब्लेडनं खरवडली, झीरो नंबरच्या ब्रशनं बिजागरीखाली अगदी कमी लावली. "अजून," नाना म्हणाले. लावली. "तिकडे नको, तिथे पाऊस लागतो." पुसली. मित्र मोबाइल बघत बसला होता. आम्ही दोघं तासभर मीठ लावत होतो.

मॉडेलला ॲक्रिलिकची पेटी केली आहे आणि पायाखालच्या खाचेत सिलिका जेलचे निळे मणी, प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेले. दमटपणा शोषला की ते गुलाबी होतात. तापवले की परत निळे, पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकातून काढून टाकलेला तवाच वापरायचा, हे मी नानांना दोनदा सांगितलं. ऑगस्ट संपेपर्यंत मणी गुलाबी झाले होते. वहिनींचा फोन आला की नानांनी जुना तवा गॅलरीत नेलाय, वर्तमानपत्र वाचत मणी हलवत बसतात, आणि निळे होईपर्यंत जेवायला येत नाहीत.